सत्तावीस तारखेच्या रकान्यातला पाऊस

मुंबईकराला २६ जुलै म्हटले की वर्ष सांगावे लागत नाही. २००५ सालच्या त्या दिवशी कोसळलेल्या पावसाची सांताक्रूझच्या वेधशाळेतली चोवीस तासांची नोंद ९४४ मिलिमीटर झाली; त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, ती जेमतेम ७३ होती. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने भारतीय हवामान विभागाची २००५ सालची रोजच्या पावसाची ग्रिड-फाइल डाउनलोड केली, मुंबईजवळचा चौकोन निवडला आणि २६ जुलैचा आकडा मागितला. संगणक लगेच आकडा देईल. आकडा चुकीचा नसेल, पण तो त्या प्रलयाचाही नसेल. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या क्षणापर्यंतच्या चोवीस तासांचे पाणी त्या सकाळच्या तारखेवर मांडतात. सव्वीसच्या दुपारी आणि रात्री पडलेला पाऊस त्यामुळे २७ जुलैच्या रकान्यात सापडतो. तिथेही ९४४ दिसणार नाही. फाइलीतला चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटर बाजूचा आहे आणि त्याची किंमत आसपासच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून गणिताने काढलेली आहे. सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यातली दरी त्यात बरीचशी बुजते. फाइल बरोबर होती, ती वाचणारी लायब्ररीही बरोबर होती, आणि तरी निष्कर्ष चुकला असता. या पुस्तकाचा विषय प्रोग्रामिंग लायब्ररीच्या साहाय्याने वैज्ञानिक डेटा-फाइली वाचणे हा आहे, आणि या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: आकडा वाचण्याआधी आकड्याचे वर्णन वाचावे लागते. या फाइलींची रचना आणि त्यांच्या लायब्रऱ्या यांचा सगळा खटाटोप ते वर्णन आकड्यापासून सुटू नये म्हणून चाललेला आहे.

सातबाऱ्याचा उतारा ज्याने हाताळला आहे त्याला यातली गोम लवकर कळेल. ‘०.४०’ एवढाच आकडा कुणी चिटोऱ्यावर लिहून दिला तर त्यावर जमिनीचा व्यवहार होणार नाही. उताऱ्यावर तोच आकडा गट क्रमांकापुढे, क्षेत्राच्या रकान्यात, हेक्टर-आर या एककात, खातेदाराच्या नावासमोर येतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, तेव्हा तो पुरावा ठरतो. वैज्ञानिक डेटा-फाइल हा असाच उतारा आहे. तिच्यात मोजलेल्या राशी असतात, त्यांना व्हेरिएबल म्हणतात. त्या राशी ज्या अक्षांवर पसरलेल्या असतात ती डायमेन्शन. आणि प्रत्येकीला चिकटवलेल्या टिपा म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. पाऊस ही राशी. वेळ, अक्षांश, रेखांश हे तिचे अक्ष. ‘एकक मिलिमीटर’, ‘नोंद नसल्यास उणे ९९९’ या तिच्या टिपा. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या युनिडेटाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस, नासाच्या सीडीएफ या आधीच्या मांडणीपासून प्रेरणा घेऊन, नेटसीडीएफ तयार केले. एका विद्यापीठातली हवामानाची फाइल दुसरीकडच्या वेगळ्या बनावटीच्या संगणकावर, वेगळ्या भाषेतल्या प्रोग्रामने, मूळ कर्त्याला काही न विचारता वाचता यावी, हा त्यामागचा हेतू. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकंप्युटिंग केंद्रात एचडीएफ या मांडणीचा जन्म झाला, आणि २००८ साली नेटसीडीएफची चौथी आवृत्ती एचडीएफ-५च्या पायावर उभी राहिली. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे पृथ्वी-प्रणाली मॉडेल जागतिक तुलनेसाठी जे निकाल देते ते नेटसीडीएफमध्ये असतात. इन्सॅट-३डी उपग्रहाच्या प्रतिमा मॉसडॅक या संकेतस्थळावरून घेतल्या की हाती एचडीएफ-५ फाइल येते. हा परदेशातला दूरचा विषय राहिलेला नाही.

वर्णन सुटले म्हणजे नेमके काय होते, ते एकाच फाइलीवर जवळून पाहण्यासारखे आहे. हवामान विभागाचा पाव अंशाचा पाऊस १९०१ पासूनचा आहे. ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून तो रचला गेला आणि त्याची पद्धत २०१४ साली ‘मौसम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तो दोन रूपांत मिळतो. एक नेटसीडीएफ, आणि दुसरे जुन्या वळणाची बायनरी फाइल, जिच्या नावाच्या शेवटी जीआरडी अशी अक्षरे असतात. या बायनरी फाइलीत मथळा नाही, तारीख नाही, एकक नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत फक्त आकडे. ते लावायचे कसे, हे सोबतच्या कागदावरून कळते: रेखांश ६६.५ पासून १०० पर्यंत १३५ बिंदू, अक्षांश ६.५ पासून ३८.५ पर्यंत १२९ बिंदू, म्हणजे दिवसाला १७,४१५ आकडे, प्रत्येकी चार बाइटांचा. दिवसाचे ६९,६६० बाइट, ३६५ दिवसांचे २,५४,२५,९००. फाइलीचा आकार बरोबर एवढा भरला तर ती अर्धवट उतरलेली नाही एवढी खात्री होते. पण पहिला आकडा नैर्ऋत्य कोपऱ्यातला की वायव्य कोपऱ्यातला, आधी रेखांश सरकतो की अक्षांश, हे आकार सांगत नाही. बाइटांच्या क्रमाचेही तसेच. ४२ मिलिमीटर पाऊस चार बाइटांत लिहिला तर सोळाच्या पायाच्या पद्धतीत ते बाइट एका क्रमाने ४२, २८, ००, ०० असे येतात (पहिल्या बाइटचे ४२ आणि पावसाचे ४२ हा योगायोग आहे). हेच चार बाइट दुसऱ्या टोकाकडून वाचले तर जो आकडा निघतो त्यात दशांशचिन्हानंतर चाळीस शून्ये येतात आणि मग कुठे पहिला अंक दिसतो. प्रोग्राम अडत नाही, तक्रार करत नाही. ४२ मिलिमीटरची सर शून्य होऊन बसते, आणि पावसाच्या तक्त्यात शून्य पाहून कुणाच्याही कपाळावर आठी पडत नाही.

नेटसीडीएफ फाइलीत हे सगळे पहिल्याच पानावर असते. फाइलीच्या डोक्यावर आधी अक्षांची नावे आणि लांबी, मग राशींची यादी, प्रत्येक राशी कोणत्या अक्षांवर पसरली आहे, तिच्या टिपा, आणि मग आकडे. बाइटांचा क्रम मांडणीच्या नियमातच ठरलेला किंवा नोंदलेला असल्यामुळे वाचणाऱ्याला त्याचा विचारही करावा लागत नाही. लायब्ररी हा मथळा वाचते आणि प्रोग्रामरला नावाने मागण्याची सोय देते. तिसऱ्या अक्षावरचा ४७वा आकडा हवा, असे मोजत बसण्याऐवजी ‘अक्षांश १८.५, रेखांश ७३.७५, २७ जुलै’ असे सरळ मागता येते. पायथनमध्ये नमपाय आकड्यांच्या मोठ्या चौकटी फार वेगाने हाताळते, पण त्या चौकटींच्या कडांवर नावे नसतात. ती नावे परत आणून चिकटवण्यासाठीच २०१४ च्या सुमारास आज एक्सअ‍ॅरे या नावाने ओळखली जाणारी लायब्ररी पुढे आली. ती फाइल उघडताना सगळे आकडे स्मृतीत ओतत नाही, आधी मथळाच वाचते. १९०१ पासूनची सर्व वर्षे मिळून तीन जीबींच्या आसपास जाणारा पाऊस साध्या लॅपटॉपवरही त्यामुळे चाळता येतो: जो तुकडा मागाल तेवढाच डिस्कवरून उचलला जातो.

मथळ्यातल्या ज्या टिपांकडे नवशिके सर्वांत कमी लक्ष देतात, त्याच सर्वांत महाग पडतात. नोंद नाही हे सांगणारा आकडा घ्या. पावसाच्या फाइलीत तो उणे ९९९ आहे. सरासरीत तो शिरला तर पाऊस ऋण येतो आणि चूक स्वतःहून ओरडते. पण हवामान विभागाच्या एक अंशाच्या तापमानाच्या फाइलीत नोंद नसलेल्या जागी ९९.९ असते. कोकण किनाऱ्याला लागून वीस चौकोन घेतले, त्यातले एकोणीस जमिनीवर आणि मे महिन्यातले त्यांचे कमाल तापमान ३४ अंश, आणि एक समुद्रात, म्हणजे ९९.९, असे समजू. सरासरी ३७.३ येते. कोकणातल्या मे महिन्याला ३७ अंश कुणालाही अशक्य वाटणार नाहीत. आलेख सुबक निघेल आणि तीन अंशांची चूक त्यात मुरून जाईल. नेटसीडीएफमध्ये ‘फिल व्हॅल्यू’ या ठरलेल्या नावाच्या टिपेत हा आकडा नोंदलेला असला, तर लायब्ररी त्या सगळ्या जागा आपणहून रिकाम्या करते आणि सरासरी ३४ येते. एककाचेही तेच. हवामानाची मॉडेले पाऊस बहुधा दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती किलो पाणी पडले अशा एककात देतात. एका चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर थर, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा मॉडेलच्या फाइलीतला ०.०००१ हा क्षुल्लक दिसणारा आकडा दिवसाचा ८.६४ मिलिमीटर पाऊस असतो. एककाची ओळ न वाचता हे दोन पाऊस एकाच आलेखावर काढले तर मॉडेलने भारतभर दुष्काळ वर्तवला असे वाटेल. कधी जागा वाचवण्यासाठी तापमान पूर्णांकात कोंबलेले असते: फाइलीत १२५०, गुणक ०.०१, वाढ २९०. गणित केले की ३०२.५ केल्विन, म्हणजे २९.३५ अंश सेल्सिअस. हे उलगडणे लायब्ररीचे काम, पण गुणक आणि वाढ या टिपा फाइलीत असतील तरच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वेळेच्या अक्षाची टीप थोडे थांबून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे मराठी वाचक परक्या प्रदेशात नाही. नेटसीडीएफमध्ये तारीख बहुधा तारीख म्हणून लिहिलेली नसते. ‘१ जानेवारी १९०० पासूनचे दिवस’ अशी टीप आणि पुढे नुसते आकडे. त्या टिपेबरोबर आणखी एक टीप असते, ती पंचांगाची, म्हणजे कॅलेंडरची. ब्रिटिश हवामान विभागाच्या हॅडली केंद्राची मॉडेले वर्षानुवर्षे ३६० दिवसांचे वर्ष वापरत आली आहेत, प्रत्येक महिना तीस दिवसांचा. त्यांच्या फाइलीत ३० फेब्रुवारी ही रीतसर तारीख आहे. काही मॉडेलांत लीप वर्षच नसते. ही टीप नजरेआड करून साध्या इंग्रजी तारखा लावल्या की वर्षामागे पाच दिवस घसरतात. तीस वर्षांत पाच महिने होतात आणि जूनचा मॉन्सून मागे जानेवारीकडे सरकू लागतो. शिवजन्माच्या तारखेवर महाराष्ट्रात जी चर्चा झाली तिच्यातही हा धागा होता. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी. ती १९ फेब्रुवारी १६३० होते ती ज्युलियन गणनेने, आणि आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च. दिवस एकच, नावे तीन. कोणत्या पंचांगाने मोजले हे सांगितल्याशिवाय तारीख पुरी होत नाही, हे ज्या समाजाला तिथी-तारखेच्या व्यवहारातून माहीत आहे, त्याला फाइलीतली कॅलेंडरची ओळ समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. हवामानक्षेत्रात सीएफ नावाचे जे संकेत २००३ पासून रूढ झाले आहेत ते एकक, पंचांग, रिकाम्या जागा आणि राशींची प्रमाण नावे यांसाठीच आहेत. नेटसीडीएफ हा कागद म्हटला तर सीएफ हा त्यावरच्या रकान्यांचा नमुना.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो मनापासून घेतलेला असतो. एवढे अवडंबर कशाला? स्वल्पविरामाने तोडलेली सीएसव्ही फाइल कुणालाही उघडते, एक्सेलमध्ये दिसते, डोळ्यांनी वाचता येते. छोट्या तक्त्यासाठी हे मला मान्य आहे. एका गावाच्या एका वर्षाच्या पावसाला नेटसीडीएफची गरज नाही. पण तक्ता तीन अक्षांवर पसरला की चित्र पालटते. वर सांगितलेल्या पावसाचे एका वर्षाचे आकडे ६३,५६,४७५ होतात. प्रत्येकासमोर तारीख, अक्षांश, रेखांश पुन्हा पुन्हा लिहायचे, आणि एक्सेलच्या एका पानावर ओळी मावतात १०,४८,५७६. ओळी संपल्या की काय होते, ते २०२० साली इंग्लंडमध्ये दिसले. कोविडच्या चाचण्यांचे निकाल गोळा करताना जुन्या एक्सएलएस मांडणीची ६५,५३६ ओळींची मर्यादा आड आली आणि १५,८४१ बाधितांच्या नोंदी काही दिवस मोजणीतून बाहेर राहिल्या. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही तेवढा लांबला. डोळ्यांना दिसण्याच्या सोयीचीही किंमत असते. सीएसव्हीत कोणता रकाना आकड्यांचा आणि कोणता शब्दांचा हे लिहिलेले नसते, म्हणून उघडणारा प्रोग्राम अंदाज बांधतो. सेप्ट-२ आणि मार्च-१ या माणसाच्या जनुकांची नावे इंग्रजीत लिहून एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा होत. २०१६ साली झालेल्या पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या संशोधन-लेखांपैकी सुमारे एक पंचमांश लेखांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. माणसाने केलेला तक्ता वाचता यावा म्हणून जीवशास्त्राला आपले शब्द बदलावे लागले, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. प्रत्येक राशीचा प्रकार मथळ्यात लिहिलेला असता तर अंदाज बांधायची पाळीच आली नसती.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो, आणि तो घेणारे बहुधा चांगले शिक्षक असतात. लायब्ररीने सगळे केले तर विद्यार्थ्याला कळले काय? आधी बाइट वाचायला शिकवा, मग सोय द्या. यातले अर्धे मी स्वीकारतो. प्रत्येक वाचकाने एकदा तरी फाइलीचे पहिले काही बाइट उघड्या डोळ्यांनी पाहावेत. जुन्या नेटसीडीएफ फाइलीत पहिली तीन अक्षरे सीडीएफ असतात आणि चौथा बाइट आवृत्ती सांगतो. एचडीएफ-५ चा पहिला बाइट १३७ असतो, जो साध्या इंग्रजी मजकुरात येऊच शकत नाही; मग एचडीएफ ही तीन अक्षरे, आणि मग मुद्दाम ठेवलेली ओळ संपल्याची चिन्हे. वाटेत एखाद्या प्रोग्रामने मजकूर समजून ती चिन्हे बदलली, तर पहिल्या आठ बाइटांतच फाइल बिघडल्याचे उघड होते. अशी योजकता पाहिली की मांडणीबद्दल आदर वाटतो आणि भीती जाते. पण पुढचे अर्धे, म्हणजे रोजच्या कामासाठी स्वतःचा वाचक-प्रोग्राम लिहिणे, मला धोक्याचे वाटते. हाताने लिहिलेल्या वाचकात १३५ आणि १२९ हे आकडे प्रोग्रामच्या पोटात गाडले जातात. दुसऱ्या फाइलीत ते वेगळे असले तरी प्रोग्राम चालतोच, फक्त पुण्याचा पाऊस वेगळ्याच ठिकाणी जाऊन पडतो. आयएमडीलिबसारख्या लायब्ररीने जीआरडी फाइलीसोबतचा कागद एकदाच नीट वाचून प्रोग्राममध्ये उतरवला आहे आणि तो अनेकांनी वापरून तपासला आहे. प्रत्येकाने तो नव्याने, आपापल्या चुकांसह उतरवण्यात शिक्षण कमी आणि जोखीम जास्त आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: लायब्ररी गुपचूप निर्णय घेते. रिकाम्या जागा तिने झाकल्या, पूर्णांक उलगडले, तारखा लावल्या, आणि वाचकाला यातले काही दिसले नाही. हे खरे आहे. जवळचा चौकोन शोधण्याची सोयच पाहा. घाईत अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली, म्हणजे अक्षांश ७३ आणि रेखांश १८ असे मागितले, तर ‘सर्वांत जवळचा बिंदू द्या’ असे सांगितलेली लायब्ररी नकार देत नाही. अक्षांशात सर्वांत जवळचा ३८.५, रेखांशात ६६.५, ती नकाशाच्या वायव्य कोपऱ्यात, उझबेकिस्तानात जाऊन उभी राहते आणि तिथली रिकामी जागा पुण्याचे उत्तर म्हणून देते. किती अंतरापर्यंतचा बिंदू चालेल हे सांगण्याची सोय तिच्यात आहे, पण ती आपण वापरायची असते. याहून खोल अडचण अशी की वर्णन स्वतः चुकीचे असू शकते. ‘एकक मिलिमीटर’ ही ओळ माणसानेच लिहिलेली असते आणि माणूस चुकतो. यावर माझे उत्तर असे की वर्णन ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्ष तपासायची असते, पण तपासण्यासाठी आधी ती नोंदलेली असावी लागते. एकदा उलगडणी बंद करून कच्चे आकडे पाहावेत. एका माहीत असलेल्या दिवसावर, उदाहरणार्थ २७ जुलै २००५ वर, उत्तर ताडून पाहावे. समुद्रावर जमिनीचे आकडे आले नाहीत ना हे नकाशा काढून बघावे. निर्णय लपवणाऱ्या लायब्ररीपेक्षा निर्णय बदलू देणारी लायब्ररी वेगळी असते, आणि या क्षेत्रातल्या चांगल्या लायब्रऱ्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

झाकणे आणि खूण करणे यांतला फरक किती मोठा आहे, हे ओझोनच्या इतिहासातून कळते. १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंतात भयंकर कमी होत असल्याचे जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून जाहीर केले. नासाचा निम्बस-७ उपग्रह १९७८ पासून तोच ओझोन मोजत होता. त्याच्या प्रोग्रामने १८० डॉब्सन एककांखालच्या किमतींना शंकास्पद अशी खूण केली होती. संगणकाने ते आकडे फेकून दिले आणि शोध हुकला, अशी कथा नंतर जगभर पसरली आणि आजही वर्गात सांगितली जाते. आकडे फेकलेले नव्हते. ते खुणेसह जागच्या जागी होते, आणि म्हणूनच नासाच्या चमूला त्यांच्याकडे परत जाऊन ओझोन-विवराचा विस्तार केवढा आहे हे नकाशावर दाखवता आले. डेटा-फाइलीत मोजलेली राशी आणि तिच्या विश्वासार्हतेची खूण या दोन वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवण्याची पद्धत मला म्हणूनच जपण्यासारखी वाटते. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावीत, आणि शंकास्पद म्हणून वगळायचे तर किती वगळले ते मोजून वगळावे.

लायब्रऱ्या येतात आणि जातात, मग त्यांच्यावर शिक्षण का उभारायचे, असेही विचारतात. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली आणि तिच्यातले कितीतरी प्रोग्राम निरुपयोगी झाले, हे खरेच. फाइलींचे मात्र तसे झाले नाही. खगोलशास्त्रज्ञांची फिट्स ही मांडणी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मथळ्याची प्रत्येक ओळ आजही बरोबर ८० अक्षरांची असते, कारण तेव्हाच्या पंचकार्डावर ८० रकाने होते. आणि एकदा वैध ठरलेली फाइल पुढच्या कोणत्याही सुधारणेने अवैध होऊ द्यायची नाही, हे तत्त्व तिथे कसोशीने पाळले आहे. नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना जे टिपतात ते आधी दुर्बिणीच्या स्वतःच्या मांडणीत साठते आणि मग फिट्समध्ये रूपांतरित होऊन जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या हाती जाते. मांडणीचे नियम खुले आहेत, एकाहून अधिक लायब्रऱ्या ते पाळतात, म्हणून एक मावळली तरी दुसरी वाचते. शिकायचे आहे ते अक्ष, राशी, टिपा, रिकाम्या जागा, खुणा हे. हुकुमांची नावे दर काही वर्षांनी बदलली तर बदलोत.

भाषेबद्दल थोडे. मथळ्यातल्या टिपा इंग्रजीत असतात, लायब्ररीच्या सूचना इंग्रजीत असतात, मग हे मराठीत कशासाठी? व्हेरिएबल, डायमेन्शन, हेडर हे शब्द पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत मराठी वाक्यांत रोज वावरतात. त्यांना ओढूनताणून संस्कृत पर्याय देण्यात मला अर्थ वाटत नाही. पण ‘ही किंमत कशाची, कुठली, केव्हाची आणि कोणत्या मापात’ हे प्रश्न माणूस स्वतःशी विचारतो तेव्हा ते आपल्या भाषेत विचारतो. पाण्याचे टँकर कोणत्या तालुक्याला पाठवायचे, विमा कोणत्या मंडळाला मिळायचा, यांचे निर्णय आता अशाच फाइलींतल्या पावसावर होऊ लागले आहेत, आणि त्या मंडळातल्या शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलीला ती फाइल उघडून, वर्णन वाचून, आकडा कुठून आला हे विचारता आले पाहिजे. फाइलीच्या मांडणीची अडचण नाही: नेटसीडीएफमधला मजकूर युनिकोडमध्ये असू शकतो, आणि राशीचे सविस्तर नाव देणाऱ्या टिपेत ‘सकाळी ८.३० ला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस’ असे देवनागरीत लिहिता येते. प्रमाण नाव मात्र सीएफच्या यादीतलेच ठेवावे, कारण ते यंत्राने ओळखायचे असते.

आणि वाचणारा फार काळ नुसता वाचणारा राहत नाही. तो महिन्यांची बेरीज करतो, जिल्हा कापून काढतो, केल्विनचे सेल्सिअस करतो आणि नवी फाइल जतन करतो. इथे लायब्ररीलाही पेच पडतो. केल्विनमधून २७३.१५ वजा केले आणि जुन्या टिपा तशाच ठेवल्या, तर २९ अंशांसमोर ‘केल्विन’ असे खोटे एकक राहते. टिपा गाळल्या, तर आकडा उघडा पडतो. एक्सअ‍ॅरेमध्ये बराच काळ टिपा गाळण्याची पद्धत होती आणि ठेवायच्या असतील तर तसे सांगावे लागे. दोन्हींतले काहीही निवडले तरी नवे एकक लिहिणे प्रोग्रामरच्याच हाती आहे, कारण वजाबाकी कशासाठी केली हे फक्त त्यालाच माहीत असते. नेटसीडीएफ फाइलीत ‘हिस्टरी’ नावाची एक टीप असते. सीडीओ, एनसीओ यांसारखी साधने फाइलीवर काही केले की तिच्यात तारीख आणि दिलेला हुकूम यांची एक ओळ भरतात; सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखी. बऱ्याच फाइलींत ही टीप उघडली की दहा-दहा वर्षांपूर्वीच्या ओळी दिसतात: कुणी अक्षांशांचा क्रम उलटवला, कुणी भारताबाहेरचा भाग कापला, कुणी दोन वर्षे जोडली. पायथनमध्ये लिहिलेल्या स्वतःच्या प्रोग्रामकडून ती ओळ आपोआप पडत नाही. पुढच्या प्रकरणांतल्या प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी, फाइल जतन करण्याआधी, ती हाताने भरायची आहे: आजची तारीख, मूळ फाइलीचे नाव, कोणते चौकोन घेतले, किती नोंदी रिकाम्या होत्या, आणि २६ जुलैचा पाऊस कोणत्या तारखेखाली आहे.